काम मिळत नाही, तर दोष कुणाचा?

गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं, “आम्हाला काही येत नाही, मग काम कोण देणार?” बाई हे स्वतःच म्हणते, पण तिच्या डोक्यात ते बाहेरून आलेलं असतं. प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला पाहुणे सांगतात, स्वतःला घडवा, कामं तुमची वाट बघतायत. काम मिळालं नाही की बाईला वाटतं, आपलंच काहीतरी कमी पडलं.

शिवणक्लासचंच बघा. समजा, एका गावात तीस जणी शिवण शिकल्या. गावात ब्लाउज शिवून घेणाऱ्या बायका होत्या तेवढ्याच राहतात. चार जणींना गिऱ्हाईक मिळतं, बाकीच्यांचं मशीन कोपऱ्यात जातं आणि त्यावर कपड्यांच्या घड्या बसतात. त्या सव्वीस जणी आळशी होत्या का? कारखाना चाळीस किलोमीटरवर, शेवटची एसटी संध्याकाळी साडेपाचला, घरी लहान लेकरू. यात बाईच्या अंगच्या गुणाचा प्रश्न आला कुठे?

1972 चा दुष्काळ तुमच्या सासूबाईंना, आजीला आठवत असेल. त्यांना जरूर विचारा. खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीकामाला लाखो माणसं गेली, त्यात बायका किती तरी होत्या. सुकडी खाऊन दिवस काढले. यांना कौशल्य नाही म्हणून काम नाही, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. पाऊस नव्हता, शेतं पडली होती, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

मागेल त्याला काम द्यावं, हा विचार मांडला सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांनी. ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. खेड्यातल्या प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं, तर ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये इकडे बांधबंदिस्ती करणाऱ्या बाईच्या मजुरीला आले. मला या कायद्यातली हीच गोष्ट सर्वांत आवडते. बेकारीचा भार एकट्या बेकाराच्या डोक्यावर ठेवला नाही. पुढे 2005 साली देशाचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

अर्थात, कायद्यानं काम आपोआप दारात आलं नाही. मजुरी थकली, हजेरीपटात घोळ झाले, कामासाठी मोर्चे काढावे लागले. त्या मोर्च्यांत बायकाच पुढे होत्या.

मग आपल्याकडे काहीच जबाबदारी नाही का? आहे की. शिकायचं, वेळेवर जायचं, बँकेचं खातं आपल्या नावावर ठेवून ते स्वतः चालवायचं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिक्षण फुकट असतं, राहण्याजेवणाची सोयही असते, तिची चौकशी करा. पण नाव घालण्याआधी चार प्रश्न विचारायला लाजू नका. हे शिकून काम कुठे मिळेल? मजुरी किती? मागच्या तुकडीतल्या किती जणी आज कमावतायत? जायला-यायला गाडी आहे का? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरं शिक्षण मागा. गावात ज्याची गरज आहे, असं.

आणि रोजगार हमीचं काम हवं असेल, तर तोंडी सांगून येऊ नका. सरकार योजनांची नावं बदलतं, दिवसांचा आकडाही बदलतो, म्हणून सध्याचा नियम ग्रामरोजगार सेवकाला विचारून घ्या. मागणी लेखी द्या, एकेकटीनं देण्यापेक्षा दहा जणींनी मिळून द्या. तारखेची पोच हातात पडल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नका. ती पोच गटाच्या वहीत चिकटवून ठेवा.