कामासह सुट्टी : ऑस्ट्रेलियातील एक वर्ष

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशी जाण्याचे आपल्या परिचयाचे मार्ग प्रामुख्याने दोन. एक उच्च शिक्षणाचा आणि दुसरा नोकरीचा. ज्यांची ऐपत मोठी ते सहलीलाही जातात. पण गावाकडच्या पदवीधर मुलाने किंवा मुलीने वर्षभरासाठी परक्या देशात जावे, तेथे मिळेल ते काम करून पोट भरावे, उरलेल्या पैशांत तो देश पाहावा आणि परत यावे, ही कल्पना आपल्याकडे नवी आहे. पाश्चात्त्य देशांत मात्र ती आता पन्नास वर्षांची झाली. तिला तिकडे ‘वर्किंग हॉलिडे’ म्हणतात. आपण तिला ‘कामासह सुट्टी’ म्हणू. या नावात काम आधी आहे आणि सुट्टी मागून येते, हे प्रारंभीच ध्यानात घेतलेले बरे.

ऑस्ट्रेलियाने ही योजना १९७५ साली सुरू केली. प्रथम ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा या तीनच देशांच्या तरुणांना तिचा लाभ होता. १९८० साली जपान आणि १९९५ साली दक्षिण कोरिया तीत आले. हेतू सांस्कृतिक देवाणघेवाणीचा होता. तरुणांनी एकमेकांचे देश पाहावेत आणि प्रवासखर्चापुरते काम करावे, इतकेच त्यात अभिप्रेत होते. त्या देशाचा विस्तार अफाट, वस्ती विरळ आणि फळबागा शहरांपासून शेकडो किलोमीटर दूर. हंगामात तोडणीला माणूस मिळत नाही, ही तेथील बागायतदारांची जुनी तक्रार. तेव्हा २००५ साली सरकारने एक सवलत जाहीर केली. ग्रामीण भागात तीन महिने ठरावीक स्वरूपाचे काम करणाऱ्याला दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळू लागला. २०१९ पासून आणखी सहा महिने असे काम केल्यास तिसऱ्या वर्षाचीही सोय झाली. या एका सवलतीने योजनेचे रूप पालटले. सुट्टीसाठी आलेला प्रवासी हळूहळू हंगामी शेतमजूर बनला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशाची सीमा बंद झाली, तेव्हा अनेक ठिकाणी पिकलेले फळ झाडावरच राहिले. ही शेती कोणाच्या हातांवर उभी आहे, हे त्या वर्षी सर्वांना दिसले.

भारतीय तरुणांसाठी हे दार २०२४ साली उघडले. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यातील तरतुदीनुसार दरवर्षी १,००० भारतीयांना ४६२ क्रमांकाचा व्हिसा देण्याचे ठरले. वय १८ ते ३० वर्षे, बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी, आणि सोबत आश्रित मुले नसावीत, या मुख्य अटी. जागा थोड्या आणि इच्छुक फार, म्हणून निवड सोडतीने ठेवली. पहिली सोडत ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली आणि पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४०,००० अर्ज आले. म्हणजे चाळिसांत एक. (ब्रिटननेही २०२३ पासून भारतीय पदवीधरांसाठी अशीच दोन वर्षांची योजना ठेवली आहे. तिच्या जागा वर्षाला ३,००० असून तेथेही सोडतच आहे.)

सोडत म्हटली की मध्यस्थ आलाच. तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर ‘परदेशी नोकरी’ असा फलक लावून बसलेला माणूस आपल्याला ठाऊक आहे. ‘आपली वर ओळख आहे, नंबर लावून देतो,’ हे त्याचे ठरलेले वाक्य. येथे पंचायत सदस्यांनी आणि शिक्षकांनी एक गोष्ट निःशंकपणे सांगावी. या सोडतीत नावे संगणक काढतो आणि तीत कोणाचीही ओळख चालत नाही. पहिल्या सोडतीला नोंदणीचे शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे चौदाशे रुपये होते. अर्ज उमेदवाराने स्वतः ऑस्ट्रेलिया सरकारच्या संगणकीय खात्यावर करावयाचा असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि पॅन कार्ड लागते. एका व्यक्तीला एकच अर्ज करता येतो. सोडतीत नाव आले म्हणजे व्हिसा मिळाला, असेही नाही. त्यानंतर सहाशेहून अधिक डॉलर शुल्क भरून रीतसर अर्ज करावा लागतो आणि सुरुवातीच्या खर्चासाठी सुमारे ५,००० डॉलर जवळ असल्याचा पुरावा द्यावा लागतो. २०२४ च्या दराने ही रक्कम पावणेतीन लाखांच्या घरात जाते. विमानाचे भाडे वेगळेच.

हा पैसा कोठून यायचा, हा घरातला खरा प्रश्न आहे. नोकरदाराच्या मुलाला तो फारसा अडवत नाही. पण ज्या घरी सातबाऱ्यावर आधीच सोसायटीचा बोजा आहे, तेथे आईचे दागिने गहाण पडतात किंवा खासगी सावकाराचा उंबरठा झिजवावा लागतो. अशा घराला आधीच समजले पाहिजे की हा व्हिसा बारा महिन्यांचा आहे. तो स्थायिक होण्याचा परवाना नाही आणि एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ काम करता येत नाही. कर्ज फेडण्यासाठी गेलेल्याला सुट्टी लाभत नाही, आणि घाईने धरलेल्या कामावर त्याला मालकाशी भांडताही येत नाही.

काम कसे असते? शहरात हॉटेलांत वाढप्याचे, भांडी घासण्याचे, सामान हलवण्याचे आणि साफसफाईचे काम मिळते. मद्य वाढावयाचे असेल तर त्याचा छोटा अभ्यासक्रम करून दाखला घ्यावा लागतो, आणि बांधकामावर जायचे तर सुरक्षिततेचे ‘व्हाइट कार्ड’ लागते. पण दुसऱ्या वर्षाची आशा असलेल्या बहुतेकांना कधी ना कधी शेताची वाट धरावी लागते. तिकडचे ऋतू आपल्या उलट असतात. नाताळ भर उन्हाळ्यात येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यू साउथ वेल्समधील यंग या गावी चेरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिल्ड्युरा भागात द्राक्षे, त्याच सुमारास टास्मानियात सफरचंद, जूनपासून क्वीन्सलंडमध्ये स्ट्रॉबेरी, सप्टेंबरनंतर उत्तरेत डार्विनकडे आंबा असे तोडणीचे चक्र वर्षभर फिरते आणि त्यामागून पाठीवर पिशवी घेतलेले प्रवासी फिरतात. आपल्या नाशिकच्या द्राक्षबागांतून आणि कोकणच्या आंबाबागांतून काम पाहिलेल्या मुलाला त्यात नवल वाटणार नाही. नवल वाटेल ते मजुरीच्या हिशेबाचे.

सफरचंदाच्या तोडणीत मजुराच्या छातीवर पिशवी असते. शिडीवर चढून ती भरायची आणि मोठ्या लाकडी खोक्यात हलक्या हाताने रिती करायची. अशा एका खोक्यात चारशे किलोच्या आसपास फळ मावते. मजुरी अनेक वर्षे खोक्यावर दिली जाई, तासावर नव्हे. सराईत माणसाला ते परवडे. नवख्याच्या हाती दिवसअखेर जेवणापुरतेही पैसे उरत नसत. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील फेअर वर्क कमिशनने यावर निर्णय दिला आणि तो २८ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. आता फळबागेतील मजुराने खोके कितीही भरो, त्याला तासाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही आणि कामाचे तास लिहून ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून हे किमान वेतन ताशी २४.१० डॉलर झाले. नैमित्तिक कामगाराला त्यावर पंचवीस टक्के अधिक मिळतात, कारण त्याला पगारी रजा नसते.

कायदा झाला म्हणजे व्यवहार सुधारला, असे आपण आपल्या ऊसतोडीच्या अनुभवावरून तरी म्हणणार नाही. तिकडेही शेतकरी आणि मजूर यांच्यामध्ये एक ठेकेदार असतो. त्याला आपण सरळ मुकादम म्हणावे. फरक एवढाच की आपला मुकादम मजुराला उचल देऊन बांधून ठेवतो आणि तिकडे मजूरच काम मिळावे म्हणून आगाऊ पैसे मोजतो. फेअर वर्क ऑम्बुड्समन या सरकारी कार्यालयाने २०१६ साली चार हजारांहून अधिक व्हिसाधारकांची विचारपूस केली. किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाल्याचे ३५ टक्क्यांनी सांगितले. ग्रामीण भागात काम मिळवण्यासाठी आधी पैसे द्यावे लागल्याचे १४ टक्क्यांनी सांगितले. याचे मूळ दुसऱ्या वर्षाच्या सवलतीतच आहे. तीन महिने काम केल्याचा पुरावा मालकाकडून मिळतो, तेव्हा त्याच्याविरुद्ध तोंड उघडणार कोण? पाहणीतल्या सहा टक्क्यांनी तर त्या सहीसाठीही पैसे मोजले होते.

राहण्याची सोय हा यातला दुसरा धागा. लहान गावांत स्वस्त वसतिगृहे असतात. एकेका खोलीत सहा-आठ खाटा, सामायिक स्वयंपाकघर, आणि पुष्कळदा वसतिगृहाचा चालकच शेतावरचे काम लावून देणारा. भाडे मजुरीतून वळते होते. २३ जून २००० च्या पहाटे क्वीन्सलंडमधील चिल्डर्स या गावी अशाच एका जुन्या दुमजली वसतिगृहाला एका माणसाने आग लावली. धुराची सूचना देणारी यंत्रे चालू नव्हती. पंधरा तरुण गेले. त्यांत सात ब्रिटिश, तीन ऑस्ट्रेलियन, दोन डच आणि आयर्लंड, जपान व कोरिया यांचा एकेक होता. त्यांतले बहुतेक भाजी-फळे तोडायला तेथे आले होते. त्यानंतर क्वीन्सलंडने स्वस्त निवासांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक केले. चिल्डर्सची ती इमारत पुन्हा उभी राहिली असून तेथे त्या पंधराजणांचे स्मारक आहे. गजबजलेल्या खोलीत उतरणाऱ्याने पहिल्या रात्री झोपण्याआधी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता पाहून ठेवावा. आपल्या शाळेतही हे मुलांना सांगितले जात नाही, ही गोष्ट वेगळी.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग जायचेच कशाला? त्यालाही उत्तर आहे. तीन महिने मिल्ड्युराच्या उन्हात राबल्यावर चारजण मिळून एक जुनी मोटार घेतात. वाहने आपल्यासारखी डावीकडूनच चालतात, तेवढे बरे. मागच्या बाकावर गाद्या टाकायच्या, सोबत पाण्याचे पिंप घ्यायचे आणि निघायचे. सिडनीहून मेलबर्नचे अंतर आपल्या मुंबई-नागपूरहून थोडे अधिक, आणि तेही त्या देशाच्या नकाशावर बोटभर दिसते. नलारबोरच्या सपाट माळावर रेल्वेचा रूळ ४७८ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. देशाच्या मध्यभागी उलुरू हा तांबडा प्रचंड खडक उभा आहे. १९८५ साली तो तेथील आदिवासी अनांगू लोकांना परत देण्यात आला आणि ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणे बंद झाले. पाहुणे आता पायथ्याशी फिरतात आणि त्या लोकांकडून त्यांच्या कथा ऐकतात. संध्याकाळनंतर मात्र गाडी चालवू नये, कांगारू रस्त्यावर येतात. वर्षअखेरीस ती मोटार पुढच्या प्रवाशाला विकून टाकायची, हीही तेथली जुनी रीत. कोरियाच्या मुलाबरोबर एका चुलीवर भात शिजवणे आणि आयर्लंडच्या मुलीशी रस्ता चुकल्यावरून वाद घालणे यातून जे इंग्रजी येते, ते वर्गात येत नाही. आपल्या मुलींना एकटीने हा प्रवास करू देण्यास किती घरे तयार होतील, हा प्रश्न मात्र सभेतल्या प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःला विचारायचा आहे.

हिशेबाची शेवटची बाजू करांची. तेथे उतरताच कर-क्रमांक काढून घ्यावा. तो नसेल तर कपात बरीच जास्त होते. १ जानेवारी २०१७ पासून या व्हिसाधारकांकडून पहिल्या डॉलरपासूनच पंधरा टक्के कर घेतला जातो. तेथील रहिवासी कामगाराला मिळणारी करमुक्त मर्यादा त्यांना सर्वसाधारणपणे मिळत नाही. एका ब्रिटिश तरुणीने याविरुद्ध दावा लावला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील उच्चतम न्यायालयाने दोन देशांतील करार पाहून तिच्या बाजूने निकाल दिला; पण तो निकाल सर्व देशांच्या नागरिकांना आपोआप लागू झाला नाही. याखेरीज मालकाने मजुरीव्यतिरिक्त आपल्या भविष्यनिर्वाह निधीसारखा निवृत्तिनिधी भरावयाचा असतो. देश सोडल्यावर तो परत मागता येतो, पण त्यातील ६५ टक्के करापोटी कापले जातात. शंभर डॉलर जमले असतील तर हाती पस्तीस. पुष्कळजण तेही मागायला विसरतात. त्यासाठी प्रत्येक मालकाने दिलेली वेतनचिठ्ठी जपून ठेवावी लागते. तिच्यावर मालकाचे नाव व नोंदणी क्रमांक, कामाचे तास, दर, कपात आणि निधीची रक्कम असते. अशी एखादी नमुना चिठ्ठी फळ्यावर काढून दाखवायला इंग्रजीच्या शिक्षकाला एक तास पुरेल.