औषधदानाचा ताळेबंद
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)

 

मी कापडाचा व्यापारी. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे; हिशोब मात्र थोडाफार कळतो. म्हणून आज आपल्या औषधदानाच्या खात्याविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात औषधदानाची गणना वैयावृत्त्यात केली आहे. हा विचार मुळात संयमी साधूंच्या सेवेसंबंधीचा असला, तरी श्रावकाने त्यातून एक दृष्टी घ्यावयाची आहे. औषध दिले की काम संपले असे नव्हे. औषध हा सेवेचा एक भाग आहे आणि सेवा एका दिवसात आटोपत नाही.

आपण दरवर्षी आरोग्य शिबिर भरवतो. काही वर्षांपूर्वी माझ्या दुकानातील गाठी वाहणाऱ्या हमालाला मीच शिबिराचा केसपेपर काढून दिला. रक्तदाब फार वाढलेला निघाला. दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या संपल्या, त्रास काही जाणवत नव्हता, म्हणून त्याने पुढे घेतल्या नाहीत. आठ महिन्यांनी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. तो रोज माझ्या डोळ्यांसमोर वावरत होता, परंतु ‘गोळी घेतलीस का?’ असे मी एकदाही विचारले नाही. आमच्या अहवालात मात्र तो ‘लाभार्थी’ म्हणून जमेस धरला गेला होता. त्या नोंदीची मला आजही लाज वाटते.

चूक डॉक्टरांची नव्हती. तपासणारा डॉक्टर आणि रुग्णाचे घर यांच्यामध्ये कोणीच नव्हते. ही उणीव आपल्याच महाराष्ट्रात ज्यांनी भरून काढली, त्यांचे स्मरण करतो.

सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. अन्नाची आणि पाण्याची होती. डॉक्टरांनी ती ऐकली. कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे साऱ्या गावाला पाण्यासाठी तेथे येणे भाग पडे. गावांनी आपल्यातीलच स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून निवडून दिल्या. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. तरी बाळंतपण, बालकांचे वजन, आहार, स्वच्छता यांचे ज्ञान त्यांनी आत्मसात केले. प्रारंभी त्या भागात हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. पुढील पंचवीस-तीस वर्षांत हे प्रमाण तिसाच्या खाली आले.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवले. तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो सुमारे २५ वर आला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत अशी गृहभेटींची योजना देशभर सुरू केली.

बंधूंनो, या दोन्ही ठिकाणी डॉक्टर दाते आणि लोक याचक असे नाते नव्हते. डॉक्टरांनी विद्या दिली आणि लोकांनी आपली माणसे दिली. ही भागीदारी होती, आणि भागीदारी म्हणजे काय हे आपल्या व्यापारी समाजाला वेगळे सांगावयास नको.

म्हणून माझी नम्र विनंती अशी. शिबिराचा मंडप आणि भोजन यांवरील खर्च कमी करावा. हमालवाडा आणि आसपासच्या वस्त्यांतील लोकांना प्रथम त्यांची गरज विचारावी. तेथील दोन-तीन भगिनी त्या वस्त्यांनीच निवडाव्यात. आपण त्यांना प्रशिक्षण व योग्य मानधन द्यावे. समाजातील डॉक्टरांनी महिन्यातून एक सकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी. आणि प्रत्येक रुग्णाची वही ठेवावी: गोळी चालू आहे का, रक्तदाब आटोक्यात आहे का, नसल्यास कोण घरी जाऊन आले? पुढील वर्षी किती लोक आले हे न सांगता किती लोक बरे राहिले, हे आपण सांगू या.

उधारीची वसुली करण्यासाठी आपण दहा वेळा निरोप पाठवतो. रुग्णाच्या प्रकृतीसाठी एक निरोप पाठवणे जड जाऊ नये.

या कार्यासाठी मी स्वतः दर रविवारची सकाळ देण्याचे आज आपणासमोर कबूल करतो. बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा असावी. जय जिनेंद्र!