बालगुन्हेगार, कायदा आणि कारो समाजाची पंचायत

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

चूक केलेल्या मुलाचे समाजाने काय करावे, हा प्रश्न वरकरणी न्यायशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो राज्यसंस्थेच्या वर्गस्वरूपाशी निगडित आहे. इंडोनेशियाच्या, आणि विशेषतः उत्तर सुमात्राच्या डोंगराळ मुलखातील कारो लोकांच्या अनुभवाच्या आधारे आज आपण तो तपासू.

जानेवारी २०१२ मध्ये सुलावेसी बेटावरील पालू येथे पोलिसाच्या सपाता चोरल्याचा आरोप असलेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाला न्यायालयाने चोरीबद्दल दोषी ठरवून पालकांच्या स्वाधीन केले. संतप्त जनतेने निषेध म्हणून ठिकठिकाणी जुन्या सपाता गोळा करून पोलीस ठाण्यांत नेऊन टाकल्या. कोट्यवधींची अफरातफर करणारे मोकळे आणि सपातांसाठी मूल कोर्टात, हा विरोधाभास कोणाला समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

त्याच वर्षी इंडोनेशियाने बाल फौजदारी न्यायाचा नवा कायदा केला. तो २०१४ पासून अंमलात आला. १९९७ च्या कायद्यात आठ वर्षांच्या मुलावरही खटला भरता येत असे. घटना न्यायालयाने ही मर्यादा बारा वर्षांवर नेली होती, ती नव्या कायद्याने कायम केली. चौदा वर्षांखालील मुलाला कैदेची शिक्षा देता येत नाही. ज्या गुन्ह्याला सात वर्षांहून कमी कैद आहे आणि जो पुन्हा केलेला नाही, त्यात पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय या तिन्ही टप्प्यांवर खटल्याऐवजी समेटाचा प्रयत्न करणे बंधनकारक आहे. मूल, त्याचे पालक, ज्याचे नुकसान झाले तो आणि समाजकार्यकर्ता एकत्र बसतात. गरज पडल्यास गावकऱ्यांनाही बोलावता येते. नुकसान प्रांताच्या किमान वेतनाहून अधिक नसेल, तर फिर्यादीच्या संमतीवाचूनही हा मार्ग खुला राहतो.

गावकऱ्यांसाठी ठेवलेल्या या दारातूनच कारोंची परंपरा आत येते. कारो समाज पाच कुळांत विभागलेला आहे: गिंतिंग, कारोकारो, पेरांगिन-आंगिन, सेंबिरिंग आणि तारिगान. वधू देणारे कालिम्बूबू, वधू घेणारे आनाक बेरू आणि सगोत्र सेनिना, या तीन नात्यांच्या उपस्थितीवाचून महत्त्वाचा निर्णय होत नाही. या बैठकीला 'रुंग्गू' म्हणतात. पानसुपारी फिरते, आणि भांडणाऱ्यांत मध्यस्थी करण्याचे काम आनाक बेरूंकडे असते. तेथे व्यक्ती एकटी उभी राहत नाही. तिच्यामागे तिची नाती उभी असतात. त्यांच्या जुन्या धर्मात नदीवर लिंबाच्या पाण्याने केस धुण्याचा 'एरपांगीर कु लाऊ' हा विधीही आहे. त्याने अरिष्ट धुऊन माणूस पुन्हा स्वच्छ होतो, अशी श्रद्धा आहे. कलंक कायमचा नसतो, ही जाण कायद्याच्या पुस्तकाहून जुनी आहे.

पण या परंपरेचा इतिहासही पाहावा लागेल. देलीच्या तंबाखू मळ्यांसाठी डच भांडवलाने सखल भागातील जमिनी बळकावल्या, तेव्हा १८७२ मध्ये कारोंनी सुंगालच्या लढ्यात शस्त्र उचलले. १८९० मध्ये मळेवाल्यांच्याच पैशावर मिशनरी आले, आणि १९०४ मध्ये पठार वसाहतीला जोडले गेले. १९६५-६६ च्या हत्याकांडात कम्युनिस्ट आणि त्यांचे समर्थक म्हणून किमान पाच लाख माणसे मारली गेली. मान्यताप्राप्त धर्म नसलेला माणूस कम्युनिस्ट, असा संशय घेतला जाऊ लागला, आणि 'पेमेना' हा पूर्वजांचा धर्म पाळणाऱ्या हजारो कारोंनी जीव वाचविण्यासाठी चर्चचा आश्रय घेतला. अशा पारंपरिक श्रद्धांची ओळखपत्रावर नोंद करण्याचा अधिकार घटना न्यायालयाने मान्य केला तो २०१७ मध्ये. ज्या सत्तेने लोकांचे विधी दडपले, तीच आज 'जिवंत लोककायद्या'चा गौरव करते आणि २०२३ च्या दंडसंहितेत त्याला स्थान देते!

म्हणून परंपरेची भाबडी पूजा आपण करणार नाही. रुंग्गू ही समानांची सभा नाही. कालिम्बूबूंना 'दृश्य देव' मानले जाते. त्यांच्यापुढे मुलाचा आवाज किती चालणार? अत्याचार झालेल्या मुलीवर घराण्याच्या अब्रूसाठी समेट लादला गेला, तर तो न्याय नव्हे. मेदानच्या झोपडपट्टीतील ज्या मजुराचे नातलगच दूर राहिले, त्याच्या मुलाच्या बाजूने कोण बसणार? कायद्यातही वर्गीय फट आहेच. डचांकडून आलेल्या दंडसंहितेत दोघांनी मिळून केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद होती. म्हणजे भुकेली दोन मुले एकत्र चोरी करताच 'सात वर्षांहून कमी' या संरक्षणाबाहेर फेकली जात, आणि चौदा वर्षे पूर्ण असल्यास कोठडीतही जाऊ शकत.

सात वर्षांचा हाच आकडा आपल्याकडे वेगळ्या रूपात भेटतो. शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील मुलांची माहिती मागविली. त्याच वर्षी देशव्यापी बाल न्याय कायदा झाला. २०१५ च्या कायद्याने मात्र घड्याळ मागे फिरविले. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षे शिक्षा आहे, त्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट त्याने मोकळी केली. जनतेचा क्षोभ खरा होता. पण राज्यकर्त्यांनी तो शाळा, रोजगार आणि निवारा यांच्या अभावाकडे वळू न देता मुलांकडे वळविला.

साथींनो, आपली भूमिका स्पष्ट असली पाहिजे. समूहाने मुलाची जबाबदारी घेणे, हा रुंग्गूचा लोकशाही गाभा जतन करण्याजोगा आहे. त्यातील श्रेष्ठ-कनिष्ठता नाकारण्याजोगी आहे. कायद्याचे हक्क प्रत्येक मुलाचे असले पाहिजेत, मग त्याला कुळ असो वा नसो. जेथे आपली संघटना आहे, तेथील ठाण्यात एखादे मूल आणले गेले, तर त्याच्या आईबापांसोबत जाऊन बसणे, वकील मिळवून देणे आणि बाल न्याय मंडळापुढे त्याची परिस्थिती मांडणे, हे युनियनच्या आणि महिला संघटनेच्या कार्यकर्त्यांचे काम आहे. ज्याच्या बाजूने नातलग बसत नाहीत, त्याच्या बाजूने कामगारवर्गाने बसले पाहिजे.