अहवाल नंतर, जबाब आधी
(दीपनगर येथील बैठकीतले बोलणे)



समाजकार्य कॉलेजची पोरं-पोरी फील्डवर्कला पाड्यावर येतात. येऊ द्या, भाकर द्या. पण मागे आमच्या बाबानं दोन दिवस बसून जमीन कधीपासून खेडतो ते सगळं त्यांना सांगितलं. ते कॉलेजच्या अहवालात गेलं. बाबा वारला. आमच्या पाड्याच्या दाव्यांत त्याची एक ओळ नाही.

वनहक्क कायद्याच्या नियम १३ प्रमाणे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा आहे. पुरावे किमान दोन लागतात, कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा लागतो.

म्हणून पोरांना सांगा: आधी वनहक्क समितीसमोर म्हाताऱ्यांचे जबाब लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या, कागद ग्रामसभेकडे द्या. मग तुमचा अहवाल.