अकरावीच्या अर्जातला भूगोल



मुलांनो, थोड्याच वेळात तुमचे नाच आणि नाटुकली सुरू होतील. निम्म्या जणांचं लक्ष पडद्यामागे आहे आणि ते असायलाच हवं. म्हणून मी एकाच विषयावर बोलणार आहे. दहावीच्या मुलांना काही महिन्यांत अकरावीचा अर्ज भरायचा आहे. त्यातल्या विषयांच्या यादीत भूगोल असतो. तुमच्यातल्या काहींनी तो मनापासून निवडावा, एवढं सांगायला मी आलो आहे.

आपल्याकडे भूगोल सहसा वाट्याला येतो, निवडला जात नाही. टक्के कमी पडले की कला शाखा, आणि तिथे जे विषय उरतील त्यांत भूगोल. एखाद्या मुलीनं तो हौसेनं घ्यायचं म्हटलं तर घरचे विचारतात, “भूगोल लिसन काय करशी?” ते काळजीपोटी विचारतात, त्यात गैर काही नाही. पण त्याचं उत्तर लांब शोधायला नको, आपल्या चोपडा तालुक्यातच आहे.

अडावदजवळच्या उनपदेवला तुमच्यापैकी बरेच जण सहलीला गेले असतील. गोमुखातून बारा महिने गरम पाणी पडतं. तिथली शरभंग ऋषींची कथा आजीकडून ऐकली असेल, ती ऐकावीच. पण आसपास कुठेही धगधगता ज्वालामुखी नसताना हे पाणी तापतं कशानं, हा प्रश्न तिथे उभं असताना किती जणांच्या मनात आला? आपलं तापीचं खोरं म्हणजे जमिनीतल्या भेगांच्या कडेनं खचलेला लांबट पट्टा आहे. पावसाचं पाणी त्या भेगांतून खूप खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि भेगेच्याच वाटेनं पुन्हा वर येतं.

आता याच भेगांचा माग काढत पुढे चला. गोदावरी नाशिककडून पूर्वेला जाते. आपली तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर वाहते आणि पश्चिमेला सुरतेजवळ समुद्राला मिळते, कारण तिला हा खचलेला पट्टा मिळाला. त्या पट्ट्यात लाखो वर्षं गाळ साठला. रावेर, यावल, चोपड्याची केळी त्याच गाळावर उभी आहे. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. उनपदेवचं गरम पाणी आणि निमगव्हाणच्या मळ्यातला केळीचा घड यांचं नातं असं जमिनीखालून जुळलेलं आहे. मला भूगोलाची गोडी लागली ती अशा नात्यांमुळे. राजधान्या आणि पिकांच्या याद्या मलाही कंटाळवाण्याच वाटायच्या.

पण केळीला पाणी फार लागतं, आणि आपला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. बाकीचं पाणी आपण जमिनीखालून उपसलं. आजोबांच्या काळी विहिरीत डोकावलं की दिसायचं, ते पाणी आज कित्येक गावांत ट्यूबवेल शेकडो फूट खाली नेल्यावर लागतं. यावल आणि रावेर हे तालुके सरकारी पाहण्यांत अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले आहेत. यावरचा एक इलाज सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी तिथे गोटे आणि भरड वाळूचा थर टाकला आहे. भूगोलात त्याला बझाडा म्हणतात. पुराचं पाणी त्यावर पसरवलं की ते झपाट्यानं मुरतं. तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा पाया हाच आहे. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तिचा करार केला. ही योजना उभी राहायला वर्षं लागतील, म्हणजे तिच्यावर काम करणारी माणसं आज शाळेच्या बाकांवर आहेत.

जमिनीत पाणी मुरवण्याचं काम आपल्या शेजारी झालंही आहे. अनेर नदी ओलांडली की शिरपूर. तिथे भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी जमिनीचे थर वाचले. गाळाच्या भागात वरची पिवळी माती पाणी खाली जाऊ देत नाही, हे ओळखून त्यांनी नाले त्या मातीच्या खालपर्यंत खोल आणि रुंद केले, बंधारे घातले, आणि विहिरींना पाणी आलं. तो ‘शिरपूर पॅटर्न’ पुढे राज्यभर गाजला. पण ज्या गावात पिवळी मातीच नाही, तिथे तसाच खड्डा खणून काय मिळेल? कुठे खणायचं आणि कुठे नाही, हे आधी जमिनीकडूनच समजून घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक तालुक्याला जमीन वाचणारी आपली माणसं हवीत.

केळी बागायतदार पालक इथे बसले आहेत. फळपीक विम्याचे पैसे मिळणं न मिळणं महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतं, हे त्यांना चांगलं माहीत आहे. थंडीत किमान तापमान किती उतरलं, मे महिन्यात पारा किती चढला, वारा किती वेगानं सुटला, त्यावर सगळा हिशेब. ते केंद्र कुठे बसवलं आहे, झाडाच्या आडोशाला की मोकळ्यावर, हा प्रश्न भूगोल शिकलेली मुलगी ग्रामसभेत उभी राहून विचारू शकते. सत्रासेन, वैजापूरकडच्या पावरा आदिवासी मुलांसाठी तर नकाशा हा घरचाच प्रश्न आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करताना आपण कसतो ती जमीन नकाशावर दाखवावी लागते. त्या पाड्यांवर जीपीएस धरून हद्द चालणारी तरुण पोरं ही माझ्या मते या विषयाचे सगळ्यात चांगले विद्यार्थी आहेत.

नोकरीचंही बोलतो, कारण पालकांना ते ऐकायचं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशे आणि भू-स्थानिक माहितीवरचे बरेचसे निर्बंध उठवले. गावठाणांची मोजणी आता ड्रोननं होते. पाणीपुरवठा, रस्ते, विमा, आपत्ती व्यवस्थापन अशा सगळ्या खात्यांना उपग्रहाची चित्रं वाचणारी माणसं लागतात. स्पर्धा परीक्षांत भूगोल आहेच. आणि आपल्या बोर्डात विज्ञान शाखेच्या मुलांनाही हा विषय घेता येतो, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. नोकरी हमखास मिळेल असं वचन मी देत नाही. कोणत्याच विषयाच्या जोरावर ते देता येत नाही.

प्राचार्य महोदय, एक विनंती तुम्हाला. अकरावीला भूगोलाची तुकडी लहान राहिली तरी ती बंद पडू देऊ नका. पालकांनो, निकालानंतर अर्ज भरायला बसाल तेव्हा टक्क्यांआधी पोराला कशाची ओढ आहे ते विचारा.

आणि मुलांनो, जे भूगोल घेतील त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत मागच्या वर्षीचं उतरवून काढू नका. आपल्या गावातल्या पाच विहिरी निवडा. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर त्यांच्या पाण्याची खोली दोरी सोडून मोजा, तारीख घालून लिहा आणि ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हातात द्या. हे काम याच मे महिन्यात सुरू करा.