डिप्लोमा की अकरावी? आधी लेकीला विचारा



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय असतो. पेढे वाटून होत नाहीत तोच कुणी म्हणतं, "अकरावीला घाला." कुणी म्हणतं, "डिप्लोमा करा, वर्षं वाचतील." मी दोन मुलींची आई. दोन्ही वेळा या प्रश्नानं माझी झोप उडाली होती.

आधी हिशेब बघू. अकरावी-बारावीची 2 वर्षं, मग सीईटी आणि इंजिनिअरिंगची 4 वर्षं. झाली 6. डिप्लोमा, म्हणजे पॉलिटेक्निक, 3 वर्षांचा. त्याला दहावीच्या मार्कांवर प्रवेश मिळतो. पुढं शिकायचं तर डिप्लोमाच्या मार्कांवर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी लागत नाही. तिथली 3 वर्षं धरली तरी 6च. म्हणजे वर्षं वाचत नाहीत.

फरक वेगळाच आहे. आपल्याकडं मुलगी अठराची झाली की स्थळं यायला लागतात. मधेच शिक्षण थांबलं, तर बारावीवालीच्या हातात नुसती बारावी असते. डिप्लोमावालीच्या हातात एक काम असतं. सिव्हिलचा डिप्लोमा असेल तर सरकारी खात्यांत कनिष्ठ अभियंत्याच्या जागेलाही अर्ज करता येतो. थोरलीला मी याच विचारानं डिप्लोमाला घातलं.

पण पंधरा-सोळाव्या वर्षी एकदम कॉलेजचा अभ्यास अंगावर येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दर सहा महिन्यांनी परीक्षा. गणित अवघड, ड्रॉइंगच्या शीट रात्री जागून काढायच्या, पुस्तकं इंग्रजीत. माझी लेक मराठी शाळेतली, गणितात ऐंशीच्या पुढं मार्क घेणारी. पहिल्याच सेमिस्टरला त्याच गणितात नापास झाली. फोनवर रडली, "आई, मला घरी ने." मी गेले, पण आणलं नाही. दोन दिवस तिच्याजवळ राहिले. वरच्या वर्गातल्या एका मुलीनं तिला रोज तासभर शिकवलं, आणि पुढच्या परीक्षेत विषय सुटला. आज ती नोकरी करते. पण तेव्हा तिला माघारी आणलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं अजून पोटात गोळा येतो.

धाकटीच्या वेळी घरात सगळे म्हणाले, "ताईसारखं हिलाही डिप्लोमाला घाला." फॉर्म भरायला निघालो तर ती हळूच म्हणाली, "मला नर्स व्हायचंय." मी थांबले, चौकशी केली. बी.एस्सी. नर्सिंगला बारावी सायन्स लागतं, त्यात जीवशास्त्र हवं. डिप्लोमाला घातली असती तर तो रस्ता बंदच झाला असता. तिला विचारायचंच आम्ही विसरलो होतो!

म्हणून मैत्रिणींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, लेकीला एकटीला बसवून विचारा. चारचौघांत ती बोलणार नाही.

दुसरी, मार्कांची बेरीज बघू नका, गणित आणि विज्ञानाचे मार्क वेगळे बघा. तिला ते विषय आवडतात का, तेही विचारा.

तिसरी, कॉलेज डोळ्यांनी बघून या. एसटी किती वाजता सुटते, हॉस्टेल कसं आहे, वर्कशॉपमधली यंत्रं चालू आहेत की धूळ खात पडलीत, ते बघा. मराठीतून पेपर लिहायची सोय आहे का, फीमध्ये सवलत कोणती, हेही तिथंच विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा.

चौथी, दोन्हीकडं फॉर्म भरून ठेवता येतात. पण शाळेचा मूळ दाखला मन पक्कं झाल्यावरच जमा करा. तो परत मिळवायला फार हेलपाटे पडतात.

डिप्लोमा हुशार मुलींचा आणि अकरावी साध्या मुलींची, असं काही नाही. आणि उलटंही नाही. जिला हातानं काम करायला, यंत्र उघडून बघायला आवडतं, तिला डिप्लोमा मानवेल. जिचं अजून ठरलेलं नाही, तिला अकरावी-बारावीत विचाराला 2 वर्षं मिळतात. ती वाया जात नाहीत.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की, ज्यांच्या मुली दहावीला आहेत त्यांनी हा विषय जरूर काढा. आणि त्या दिवशी मुलींनाही सोबत आणा.