गोल्फचा स्विंग आणि जमेची बाजू

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



रौप्यमहोत्सवी वर्षात प्रत्येकाने आपल्याला थोडंफार येणाऱ्या एका विषयावर बोलायचं, असं ठरलं. कोणी गच्चीवरच्या बागेवर बोललं, कोणी मधुमेहावर. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाने मृत्युपत्र आणि नॉमिनेशन यावर बोलावं, अशी माझ्याकडून अपेक्षा होती. तो विषय महत्त्वाचा आहे, पण तो मी कोणालाही घरी येऊन समजावून सांगेन. आज मला गोल्फवर बोलायचं आहे. खरं म्हणजे गोल्फच्या निमित्ताने आत्मविश्वासावर.

आधीच सांगतो, मी प्रशिक्षक नाही. नोकरीत असताना एका लष्करी छावणीच्या गावात शाखा सांभाळली, तिथे हा खेळ लांबून पाहिला. हातात क्लब धरला तो निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी. आज चौऱ्याहत्तर पूर्ण आहेत. तेव्हा हे एका हौशी माणसाने हौशी माणसांना सांगितलेलं आहे, असं समजा.

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असं आपण म्हणतो. क्लबचं सभासदत्व महाग असतं, हे खरंच आहे. पण सरावाच्या मैदानावर, ज्याला ड्रायव्हिंग रेंज म्हणतात, बादलीभर चेंडूंचे पैसे भरून शिकता येतं. आणि या खेळात नाव काढलेले सगळेच काही बंगल्यातून आलेले नाहीत. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर हे कॅडीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या पिशव्या वाहण्याच्या, कामातून वर आले होते.

7 ऑगस्ट 2021 हा दिवस आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण त्या दिवशी नीरज चोप्राने सुवर्णपदक मिळवलं. पण त्याच दिवशी पहाटेपासून आपल्यातले बरेच जण, ज्यांना गोल्फमधलं काही कळत नव्हतं तेसुद्धा, टीव्हीसमोर बसले होते. अदिती अशोक खेळत होती. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या क्रमांकावरची ही मुलगी ऑलिम्पिकमध्ये चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. लांब फटके मारण्यात ती इतरांच्या मागे होती. ती तिथवर पोहोचली ती जवळच्या, हलक्या फटक्यांच्या जोरावर. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता खेळाची अडचण काय ते सांगतो. चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड नसावा, असा नियम आहे. तो जमिनीवर निवांत पडलेला असतो. कोणी टाकत नाही, कोणी अडवत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, विचार करायला वेळच नसतो. इथे वेळच वेळ. चेंडू स्थिर आणि आपलं मन अस्थिर. मागे चार लोक उभे असतात. त्यांच्याकडे पाठ असली, तरी त्यांचे डोळे पाठीला टोचतात. "लोक काय म्हणतील" या आपल्या जुन्या रोगाला गोल्फमध्ये 'पहिल्या टीची भीती' म्हणतात, एवढाच फरक.

स्विंगबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. बेन होगन यांचं 1957 सालचं 'फाइव्ह लेसन्स' आजही वाचलं जातं. पण सुरुवातीला चार गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट पकड. नवा माणूस दांडा असा आवळतो की बोटं पांढरी पडतात. मग मनगट वळत नाही, खांदे ताठतात. रस्ता ओलांडताना नातवाचा हात आपण कसा धरतो? सुटता कामा नये आणि त्याला दुखताही कामा नये. तशी पकड हवी. बोटं कशी गुंफायची यावर वाद घालू नका. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डन यांनी करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटावर ठेवायची पकड लोकप्रिय केली. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स बोटं एकमेकांत अडकवतात. तेव्हा हाताला सोसेल ती बरोबर.

दुसरी गोष्ट उभं राहणं. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित सैल, वाकायचं ते कमरेतून. पाठीला पोक काढून नाही. सराव करताना जमिनीवर दोन क्लब रेल्वेच्या रुळांसारखे समांतर ठेवा. एक रूळ चेंडूचा, तो लक्ष्याकडे जातो. दुसरा आपल्या पावलांचा. स्विंग वाईट आहे म्हणून रडणाऱ्या बऱ्याच जणांचा स्विंग ठीक असतो, उभे मात्र ते भलतीकडे तोंड करून राहिलेले असतात.

तिसरी गोष्ट, चेंडू उचलायचा नाही. चेंडू हवेत जावा म्हणून माणूस त्याला खालून उकरायला बघतो. क्लबच्या पात्याला मुळातच तिरकसपणा दिलेला असतो. उचलण्याचं काम ते पातं करतं. माझ्या कॅडीने हे मला एका वाक्यात शिकवलं. तो म्हणाला, "साहेब, बॉलला मारू नका. गवताला झाडू मारा, बॉल मधे आला तर आला." त्या पोराला माझ्या नातवापेक्षा चारच वर्षं जास्त असतील; पण गुरू तो गुरूच.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लय. अख्खा स्विंग साधारण एका सेकंदाचा असतो. चांगल्या खेळाडूंचा क्लब मागे जायला जेवढा वेळ घेतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश वेळात तो खाली येतो. ज्यांनी तबला ऐकलाय त्यांच्यासाठी सांगतो, तीन मात्रा मागे, एक मात्रा खाली आणि सम चेंडूवर. पातं चेंडूला लागलेलं असतं ते सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागापुरतं. म्हणजे क्लब खाली यायला लागल्यावर दुरुस्तीला वाव नाही. चेक एकदा वटला की वटला. जे ठरवायचं ते आधी ठरवायचं.

सुरुवातीला पूर्ण स्विंग करूच नका. समोर मोठं घड्याळ आहे अशी कल्पना करा. हात नऊपासून तीनपर्यंत, कमरेपासून कमरेपर्यंत. हे पन्नास वेळा नीट जमलं की हात आपोआप वर जातात. आणि स्विंग संपल्यावर पोट लक्ष्याकडे करून, तोल सांभाळून, चेंडू पडेपर्यंत तसंच उभं राहता आलं पाहिजे. तोल गेला तर समजा जोर जास्त झाला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आत्मविश्वास आणायचा कुठून?

आमच्या एका स्नेह्यांची गोष्ट सांगतो. ते आपल्याच सोसायटीतले आहेत आणि "नाव घेतलंस तर बघ" अशी ताकीद आहे. त्यांची बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण सात महिने हा माणूस तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरला नाही. लिफ्ट असूनही. दिवसभर खिडकीत. एकदा वहिनी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "भावजी, यांना कुठेतरी न्या हो. धीर धरा, धीर धरा असं सांगून मी दमले."

मी त्यांना गाडीत घालून सरावाच्या ग्रीनवर नेलं. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीचं गालिच्यासारखं गवत. डॉक्टरांनी हलक्या पटरला परवानगी दिली होती, स्विंगला नाही. चेंडू भोकापासून एका फुटावर ठेवला. भोक सव्वाचार इंचाचं, चेंडू पावणेदोन इंचांच्या आतबाहेर. एका फुटावरून तो आत जाणारच. गेला. दहा चेंडू ठेवले, दहाही गेले. चेंडू आत पडताना 'टकळक्' असा आवाज येतो. त्या आवाजाने त्यांचा चेहरा बदलला. मग दोन फूट. मग तीन. तिथे दोन हुकले. ते घाम पुसत म्हणाले, "उद्या किती वाजता?"

पुढे डॉक्टरांची परवानगी मिळाली तेव्हा नऊ ते तीन सुरू केलं. आज ते माझ्याबरोबर नऊ होल चालतात आणि मी दमलो की थांबतात.

त्या माणसाला कोणी आत्मविश्वास दिला नाही. त्याने तो एका फुटापासून जमवला, रिकरिंग डिपॉझिटसारखा. पहिला हप्ता अगदी लहान, पण चुकवायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो. रेंजवर गेलं की पहिला हात घालतो सगळ्यांत लांब क्लबला, ड्रायव्हरला. आणि हिशेब बघा, पार 72 च्या मैदानावर प्रत्येक होलला दोन याप्रमाणे 36 फटके ग्रीनवरचे धरलेले असतात. निम्मा खेळ तिथे आहे. त्याचा सराव घरी सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवूनही होतो. लॉबीत मात्र नको, सचिव इथेच बसलेत.

दुसरं म्हणजे अपेक्षा. जगातले अव्वल व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून साधारण निम्म्याच वेळा चेंडू आत घालतात. हे कळलं की आपला हुकलेला फटका गुन्हा वाटेनासा होतो.

तिसरं म्हणजे शिरस्ता. चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्य बघायचं. चेंडूपुढे हातभर अंतरावरची एखादी खूण, वाळलेलं पान, काडी, निवडायची. एकदा हवेत स्विंग, एक श्वास आणि मारायचं. दर वेळी तेच. निकलॉस यांनी लिहिलंय की मनात स्पष्ट चित्र उमटल्याशिवाय ते सरावातसुद्धा चेंडू मारत नसत. मनात 'नको' आणू नका. दुधाचा पेला घेऊन चाललेल्या मुलाला "सांडू नकोस" म्हटलं की सांडतंच. "पाण्यात नको" म्हणण्याऐवजी "त्या आंब्याकडे" म्हणा.

आणि चौथी गोष्ट माझ्या धंद्यातली. गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूला हँडिकॅप असतो, म्हणजे कच्च्याला मिळणारी सवलत, त्यामुळे कच्चा आणि पक्का बरोबरीने खेळू शकतात. 2020 पासून जगभर एकच पद्धत लागू होऊ लागली. ती अशी: तुमच्या शेवटच्या वीस खेळ्यांपैकी सर्वोत्तम आठ घ्यायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. उरलेल्या बारा बाजूला! आयुष्यभर मी ताळेबंद तपासले, पण जमेची बाजूच धरणारी अशी वही पाहिली नव्हती. यात लबाडी नाही. तुम्ही किती चांगलं करू शकता, हे ती वही मोजते. मी खेळून आलो की डायरीत तीनच ओळी लिहितो, त्या दिवशीचे तीन चांगले फटके. रात्री झोपताना तेच आठवतात.

आपण मात्र, विशेषतः घरात, उरलेल्या बाराचीच यादी ठेवतो. मुलाची, सुनेची, नातवाची आणि स्वतःचीही. नातू रांगोळी काढतोय, पोहतोय, गणित सोडवतोय, आणि आपण खांद्यावरून पाच सूचना देतोय. स्विंग चालू असताना सूचना द्यायची नसते. एक सूचना, तीही आधी. नंतर गप्प बसायचं.

थोडी काळजीही सांगतो. आधी पाच-दहा मिनिटं अंग मोकळं करा. पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्विंग नको. आणि क्लब फिरवण्यापूर्वी मागे कोणी उभं नाही ना, हे वळून बघा.

होगन यांच्या गाडीला फेब्रुवारी 1949 मध्ये बसची धडक बसली. ते पुन्हा चालतील की नाही याचीच शंका होती. सोळा महिन्यांनी त्यांनी यूएस ओपन जिंकली. आपल्याला काही जिंकायचं नाही. आपल्याला तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचं आहे.

या सोसायटीत खिडकीत बसलेलं आणखी कोणी असेल, तर मला सांगा. गोल्फच हवा असं नाही; कॅरम चालेल, बागेला एक फेरी चालेल. पहिला फूट माझ्याबरोबर. रविवारी सकाळी साडेसहाला मी गेटपाशी असतो. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत.